ओळंबा खोटं बोलतो

माझा धाकटा भाऊ गवंडी. दोरीला लोखंडी लट्टू बांधून, म्हणजे ओळंबा सोडून, भिंत सरळ आहे का ते बघण्यात त्याचं आयुष्य गेलं. जमीन सगळ्यांना खाली ओढते म्हणून दोरी सरळ राहते, असं नात सांगते. शाळेत शिकवतात म्हणे. आम्ही आपटूनच शिकलो. भाऊ मात्र कधी आपटला नाही, उंच बांधलेल्या बांबूच्या परांचीवर मांजरासारखा हिंडायचा. कुणाकडे गेला तरी आधी एक डोळा मिटून भिंती बघायचा. भावजय म्हणते, लग्न ठरवायला आला तेव्हाही हा माझ्यामागच्या भिंतीकडेच बघत होता, मला नंतर बघितलं.

मागच्या वर्षी त्याला ताप आला. ताप उतरला, पण जग कललं ते कललंच. डॉक्टर म्हणाले, कानात अगदी बारीक खडे असतात. तेही खाली ओढले जातात, म्हणून डोळे मिटले तरी वर कुठे, खाली कुठे ते कळतं. तापाने तिथलीच नस गेली. आता परांची बंद.

मुकादमाने बिचाऱ्याने त्याला जमिनीवरचं काम दिलं, कमरेएवढी कुंपणाची भिंत. ही जमली तर कामावर राहायचं, नाहीतर घर गाठायचं. भाऊ मान खाली घालून राबला. भावजय आणि मी डबा घेऊन गेलो तेव्हा भिंत उभी होती, छान. मुकादमाने ओळंबा सोडून बघितला, दोरी भिंतीला धरून सरळ. भावजयीचा जीव भांड्यात पडला.

भाऊ भिंतीभोवती फिरला. मग घण उचलला.

"कललीये ताई, अंगावर येतीये."

मी म्हटलं, अरे, ओळंबा बघ की. तर म्हणाला, ओळंबा खोटं बोलतोय. जन्मभर ज्याचं ऐकलं त्याला खोटं ठरवून त्याने ती भिंत पाडली. विटा काय, मुकाट्याने खाली आल्या. मुकादमाने त्याच्या हातातला घण काढून घेतला.

"काका, घरी जा आता."

आता तो जमिनीवरच झोपतो. खाटेवरून घसरतोय असं वाटतं त्याला. मी बाजूला बसते. मधूनच विचारतो, मी पडत नाहीये ना? मी म्हणते, जमिनीच्या खाली कुठे पडणार तू वेड्या? आधी हसायचा. हल्ली हसत नाही. फरशीच्या फटीत बोटं रुतवून घट्ट धरून पडतो.