‘नरभक्षक’ला पहिलं बक्षीस

फोटो जपायला हार्डडिस्क लागते. किस्से आपोआप साठतात आणि डिलीट करू म्हटलं तरी होत नाहीत. कुवेतच्या शुऐबा प्लांटमधले आम्ही चार मराठी लोक ईदच्या सुट्टीत शार्कचे फोटो काढायला मालदीवला गेलो. धड फोटो एकच आला. बाकी सगळे किस्से.

म्होरके देशपांडे, मूळचे पुण्याचे, प्लांटवर सेफ्टी ऑफिसर. त्यांनी गावडेला बरोबर घेतलं तेव्हा आम्हाला नवल वाटलं. गावडे वेल्डर, वेंगुर्ल्याचा, अब्बासियात पाच जणांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहणारा. त्याच्याकडे कॅमेराही नव्हता. विचारलं तर देशपांडे म्हणाले, "आपल्यात पोहता येणारा एक तरी हवा ना."

*

किनाऱ्यावर देशपांड्यांनी आधी पाऊण तास सुरक्षेवर व्याख्यान दिलं. हे शार्क लाजाळू असतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत, कुणीही पळायचं नाही. मग आम्ही गुडघाभर पाण्यात उतरलो. काळ्या टोकाचा एक पर पाणी कापत आला. मासा जेमतेम हातभर. देशपांडे वाळूवर कधी पोचले ते कुणालाच दिसलं नाही. नंतर म्हणाले, "असेंब्ली पॉइंटवर कुणीतरी आधी हजर पाहिजे."

*

माझं म्हणाल तर शार्क येताना मी फोकस लावत होतो आणि जाताना लेन्स पुसत होतो. परत आल्यावर माझ्या मुलीनं सगळे फोटो शांतपणे पाहिले. "बाबा, नाइस सॅण्ड," म्हणाली.

*

गावडे मात्र पाण्यात खांबासारखा उभा राहिला. थोड्या वेळानं एक मोठा शार्क त्याच्या पायांभोवती फिरू लागला. देशपांड्यांनी लांबूनच आपला कॅमेरा माझ्या हाती त्याच्याकडे धाडला. निरोप असा, की सेटिंग केलेलं आहे, बटण तेवढं दाब. गावडेनं दाबलं.

*

कुवेत शहराच्या शर्क भागातल्या एका हॉटेलात मराठी मंडळींची फोटो स्पर्धा झाली. त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. नाव ‘नरभक्षक’, छायाचित्रकार देशपांडे. मी गावडेकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे साहेब, सेटिंग त्यांचंच होतं."

भिंतीएवढ्या फोटोपुढे उभं राहून देशपांड्यांनी भाषण केलं. मृत्यूच्या डोळ्याला डोळा कसा भिडवला ते सांगितलं. शार्कच्या फुगलेल्या पोटावर बोट ठेवून म्हणाले की नुकतंच भक्ष्य गिळून आलाय.

गावडेनं तेवढ्यात आईला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल फोटोकडे धरला होता. तिचा जन्म वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकण्यात गेलेला. स्पीकर चालू राहिला होता.

"अरे, पोटुशी आसा ती," म्हातारी म्हणाली. "आणि तो कोण मेलो तिच्या वाटेत उभो? बाजूक हो रे, जाऊ दी तिका."

देशपांडे स्टेजवर दोन पावलं बाजूला झाले.