दोन बँड आणि माझा इटालियन पाद्री

मी खामगावच्या शाळेत गणित शिकवतो आणि सात वर्षं एका इटालियन पाद्र्याच्या नादी लागलोय. चारशे वर्षांपूर्वी तो चर्चसाठी गाणी रचायचा. त्याचं चरित्र मी मराठीत लिहितोय. त्याच्याबद्दल माहिती इतकी कमी, की चाळीस पानं नुसत्या त्याच्या तब्येतीवर भरली आहेत. गाव हसतं, ते चालतं. पण बायकोही कधी दोन मिनिटं ऐकत नाही, हे मला लागतं. मी गाणं लावलं की ती मिक्सर लावते.

पाद्री गायकांचे दोन ताफे समोरासमोर उभे करायचा. एकाने गायचं, मग चार मात्रा शांतता, मग दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पुतणीच्या लग्नात दोन बँड येणार होते, एक आमचा, एक नवरदेवाकडचा. म्हटलं, हीच संधी, आता बायको कुठे पळते बघू. आठवडाभर पेटीवर दोन्ही बँडमास्तरांना चाल शिकवली.

"समोरचे वाजवतील तेव्हा आपण गप्प," मी आमच्या मास्तरांना बजावलं.

"काऊन?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "समोरचा बँड वाजवून राह्यला अन् मी चूप बसू? चार गावांत तोंड दाखवाले जागा राहीन काय, सर?"

मला वाटलं, गंमत करताहेत.

मांडवाच्या दारात पहिली ओळ इतकी सुरेख वाजली की माझ्या अंगावर काटा आला. बायको ओवाळणीचं ताट सावरत होती. मग चार मात्रा न थांबताच समोरच्यांनी उत्तर सुरू केलं आणि आमच्या मास्तरांचा धीर सुटला. दोन्ही बँड एकमेकांवर तुटून पडले. देवाची करुणा भाकणाऱ्या त्या ओळीवर नवरदेवाचा काका तोंडात रुमाल धरून नागीण होऊन लोळला. पाहुणे म्हणाले, असा मुकाबला जिल्ह्यात झाला नाही.

मी शरमेने आचाऱ्याच्या भट्टीमागे जाऊन बसलो. थोड्या वेळाने बायको जेवणाचं ताट घेऊन आली.

"पयल्या ओळीनंतर थांबलेच नाही मेले," ती चिडून म्हणाली. "चार मात्रा थांबाचं असते नं तिथी."

"तुला काय माहीत?"

"सात वर्षं घरात काय बहिरी होती मी?" तिने पदराने नाक पुसलं. "त्या जागी मले दर खेपी रडू येते. म्हून तं मिक्सर लावतो."