फुटामागे एक सूत

मी आयुष्यभर लाकडाचं काम केलं आणि माझं लाकूड कधी कुणी पाहिलं नाही. ही तक्रार नाही. तक्रार करायचाही आता कंटाळा येतो. माझा धंदाच तसा होता. चिंचवडच्या एका कारखान्याच्या फाउंड्रीत मी पॅटर्नमेकर होतो. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पंप ओतायचा असेल तर आधी त्याच आकाराचा लाकडी नमुना करावा लागतो. तो ओलसर वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. बीड निवलं की पंप तयार, सगळे खूष. नमुना तांबडा रंग फासलेल्या अंगानं फळीवर धूळ खात पडायचा, आणि पंपाचं डिझाइन बदललं की भट्टी पेटवायला जायचा. सागवानाचे जोड मी असे बसवायचो की त्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. ते जोड आधी रंगाखाली जायचे, मग वाळूत, मग विस्तवात.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं तिच्यामुळंच सगळं झालं. बीड निवताना आकसतं. फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेवढा लाकडी नमुना मोठा करावा लागतो. दर वेळी आकडेमोड नको म्हणून आमच्याकडं खास पोलादी पट्टी असते, तिच्यावरचा फूटच मुळी एका सुतानं मोठा असतो. आम्ही तिला जादाची पट्टी म्हणायचो.

होडी माझ्या डोक्यात घातली ती कारखान्यातल्या एका इंजिनिअर साहेबांनी. त्यांनी विलायतेहून शर्यतीच्या होडीचा नकाशा मागवला होता. बारा फुटांची, प्लायवूडची, शिडाची, एका माणसानं चालवायची. खडकवासल्याच्या तलावावर हिवाळ्यात अशा होड्यांची शर्यत व्हायची, आणि सगळ्या होड्या एकाच नकाशाच्या, एकाच मापाच्या लागायच्या, म्हणजे जिंकला तर माणूस जिंकला, होडी नव्हे. साहेबांची कलकत्त्याला बदली झाली आणि जाताना त्यांनी तो नकाशा मला देऊन टाकला. "मिस्त्री, तुम्हीच करा," म्हणाले.

मी कोकणातल्या खाडीकाठचा. आमच्याकडची होडी म्हणजे सहा माणसांनी खांदा लावल्याशिवाय हलत नाही, आणि दर वर्षी तिला तेल पाजावं लागतं. ही होडी दोघांनी सहज उचलावी इतकी हलकी. नकाशात लिहिलं होतं की तिला रंग न देता पारदर्शक व्हार्निश दिलं तरी चालेल. मला तेच वाक्य भिडलं. म्हणजे जोड दिसणार. लाकूड म्हणून केलेली, लाकूड म्हणूनच राहणारी एक वस्तू माझ्या हातून होणार, आणि ती साहेब लोकांच्या होड्यांच्या रांगेत उभी राहणार. मला दुसरं काही नको होतं. शर्यतीत शेवटचा आलो असतो तरी चाललं असतं.

पिंपरी स्टेशनाजवळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत होडी, मागच्या खोलीत आम्ही नवरा-बायको आणि चूल. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. रुळाच्या कडेनं चालत घरी यायचो, चहा घ्यायचो आणि पुन्हा रंधा हातात. दिवसभर फाउंड्रीतल्या फरशीवर उभं राहून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असायच्या. हौस म्हणतात ती पहिल्या महिन्यात संपली. पुढचे दहा महिने मी ते काम ओझं वाहावं तसं वाहिलं. सोडून द्यावं असं रोज वाटायचं. पण होडीचा सांगाडा खोलीभर पसरलेला, तो सोडून जाणार कुठं?

कामाला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच दिवशी खटका उडाला. प्लायवूडचे आठ फुटी ताव पुण्यातल्या व्यापाऱ्याकडून आणले. घरी पट्टी लावली तर सात फूट अकरा इंच. सगळे ताव तसेच. "एकेका तावामागं इंच मारतात," मी बायकोला म्हणालो. "पुण्याचे व्यापारी!" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "इंचभर लाकूड ठेवून तो काय करणार?"

दोन ताव जोडून बारा फूट करायचे तर दोन्हींच्या कडा लांब तिरक्या तासून, एकावर एक बसवून चिकटवाव्या लागतात. ते मी आठ दिवस केलं. फाउंड्रीत एवढं नाजूक काम कधी केलं नव्हतं. मग बुडाच्या पट्ट्या, आतल्या कमानी, पितळी स्क्रू. मग व्हार्निश, पॉलिशपेपर, परत व्हार्निश, असे पाच हात. घरातल्या भाकरीला व्हार्निशचा वास यायला लागला. बायकोनं तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाली, "ही गेली की पुढल्या खोलीत मी आडवी होणारंय. पाय लांब करून. कुणी उठवू नका."

वजन करायला होडी वखारीच्या काट्यावर नेली. नकाशात शंभर पौंड, काट्यावर दोन-अडीच पौंड जास्त. वखारवाल्याचा काटा जळाऊ लाकडाचा, तो काय बरोबर असणार? तरीही मी एक अख्खा हात व्हार्निश घासून काढला आणि आतल्या कमानींना भोकं पाडून लाकूड कमी केलं. खांद्यात चमक भरली ती पुढं महिनाभर गेली नाही.

शीड खडकी बाजारातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडं टाकलं होतं. मास्तरांनी लढाईच्या काळात फौजेचे तंबू शिवलेले, जाड कापडावर त्यांचा हात बसलेला. मी त्यांना नकाशातले आकडे लिहून दिले. शीड आणून डोलकाठीला लावलं तर जवळजवळ दोन इंच आखूड.

आता माझं डोकं फिरलं. अकरा महिन्यांचा थकवा सगळा त्या दोन इंचांवर निघाला. शीड खांद्यावर टाकून तसाच खडकीला गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर मी शीड मास्तरांच्या मशीनवर आपटलं.

"दोन इंच कमी आहे."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, माझा कागद मागितला, शीड पसरून मोजलं. "मिस्त्री, कागदावर लिवलंय तेवढंच हाय. या, तुमी बघा."

"मी डोलकाठीला लावून बघितलंय."

"टेप खोटं नाय बोलत, राव."

"टेप नसेल बोलत," मी म्हणालो. "कापड मारलंत ते मारलंत, वर टेपच्या नावावर कशाला खपवता?"

मास्तरांचे कान लाल झाले. तेवढं बोलून मी थांबायला हवं होतं, पण त्या दिवशी मी थांबणारा नव्हतो. जगात सगळेच माप मारतात, असं काहीसं आणखी बोललो. म्हातारा आत गेला. पांढरं कापड संपलं होतं म्हणून खाकी कापडाची पट्टी घेऊन आला आणि सगळ्यांदेखत ती शिडाच्या खालच्या कडेला जोडून दिली. दोन इंच, दुहेरी शिवण. "घ्या. आता तरी झालं?" म्हणाला. मजुरी मी समोर ठेवली, ती त्यानं घेतली नाही. मला त्यात त्याची कबुली दिसली, असा मी.

घरी आलो. बायकोनं खाकी पट्टी पाहिली, सगळं ऐकून घेतलं. "व्यापारी चोर, वखारवाला चोर, आता मास्तर पण चोर," ती म्हणाली. "नाचता येईना अंगण वाकडं, तसं नाय ना वो तुमचं?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी होडी कुशीवर वळवून दारातून बाहेर काढली. अडकली नाही. दाराचं माप मी आधीच घेतलं होतं, माझ्याच पट्टीनं. माझं माप असं असतं, असं मनात म्हणालो. विटांच्या ट्रकवर पेंढा अंथरून ती खडकवासल्याला नेली. चाळीतली चार माणसं उचलायला आली होती. बायकोनं होडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि आत जाऊन खरोखरच पुढच्या खोलीत आडवी झाली.

तलावाच्या काठावर अकरा होड्या होत्या, सगळ्या रंगवलेल्या. बाराव्या जागी माझी, पिवळसर, लाकडाच्या रेषा दाखवणारी. मी तिच्याजवळ उभा राहिलो. मला वाटलं, आता कुणीतरी येऊन वाकून पाहील. मोजणीचे साहेब आले. निवृत्त लष्करी माणूस, हातात पोलादी टेप, मागं वही घेतलेला कारकून. त्यांनी टेप नाकाला लावली आणि शेपटापर्यंत नेली. थांबले. परत मोजलं.

"बारा फूट दीड इंच," म्हणाले. "मुभा अर्ध्या इंचाची आहे."

मी म्हणालो, टेप ताणली असेल. ते चिडले नाहीत. रुंदी मोजली, उंची मोजली, डोलकाठी मोजली, खाकी पट्टीसकट शीडही मोजलं. सगळं जास्त, आणि सगळं सारख्याच प्रमाणात जास्त. वहीकडं बघत त्यांनी थोडा वेळ काहीतरी मनात मांडलं. मग मला विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"पॅटर्नमेकर आहे."

"बीडाचे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी हो म्हणालो आणि त्याच क्षणी मला घरातली पट्टी आठवली. साधी पट्टी कारखान्याची, ती पाळी सुटताना स्टोअरला परत द्यायची असते. घरी होती ती माझी स्वतःची, मी आधी ज्या परळच्या फाउंड्रीत होतो तिथल्या उस्तादांनी निघताना हातात दिलेली जादाची पट्टी. तिच्या टोकाला कोरलेली जादाची खूण घामानं केव्हाच पुसून गेली होती. बारा वर्षं ती हातात होती. माझ्यासाठी फूट म्हणजे तोच फूट. मी होडी केलीच नव्हती. मी होडीचा नमुना केला होता. ती बीडात ओतली असती तर बरोबर बारा फुटांची झाली असती.

"काम चोख आहे," साहेब म्हणाले, "पण शर्यतीला घेता येणार नाही." ते पुढच्या होडीकडं गेले. त्यांनीही जोड पाहिले नाहीत. त्यांचं काम टेपशी होतं. अकरा होड्या पाण्यात गेल्या. मी काठावर बसून शर्यत पाहिली की नाही तेही आठवत नाही. राग आला नाही. रागालाही अंगात काही लागतं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, आणि हसायचा तिला हक्क होता. ती हसली नाही. भिंतीला टेकवून ठेवलेली पट्टी तिनं हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "मास्तरांकडं कधी जाताय?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर गेलो. दुकानात गिऱ्हाइकं आहेत याची खात्री करून मगच पायरी चढलो. शिव्या चारचौघांत दिल्या होत्या, तेव्हा हेही चारचौघांतच व्हायला हवं होतं. माझी पट्टी मास्तरांच्या टेबलावर ठेवली. "टेप लावून बघा," म्हणालो. त्यांनी टेप तिच्या शेजारी पसरली. माझा दोन फुटांचा आकडा त्यांच्या टेपच्या पाव इंच पुढं होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"माझी पट्टी खोटी निघाली," मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमचं माप बरोबर होतं. मी वाईट बोललो. मला माफ करा."

मास्तरांनी पट्टी उचलून माझ्या हातात दिली. "पट्टी खोटी नाय, मिस्त्री," ते म्हणाले. "दुसऱ्या कामाची हाय." मग मशीनचं चाक हातानं फिरवत त्यांनी विचारलं, "ते शीड वाऱ्यात कसं दिसतं? मी तंबू शिवले, तंबू उभे राहिलेले बगितले. शीड नाय कधी बगितलं."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते खडकीहून लोकलनं पिंपरीला आले, स्वच्छ पायजमा घालून. चाळीतल्या दोघांनी होडी पवनेवर नेऊन दिली. नदीपलीकडं काळेवाडीची ज्वारी उभी होती. होडी एका माणसाची, पण मास्तर अंगानं काटकुळे. मी त्यांना मध्ये बसवलं, वल्हं मारत खोल पाण्यात आलो आणि शीड चढवलं. वारा बेताचाच होता. शीड भरलं. खाकी पट्टीला एक सुरकुती पडली नाही.

"ती पट्टी काढून देऊ का?" मास्तरांनी वर बघत विचारलं. "आता तर भांडण नाय."

"नको," मी म्हणालो. "या होडीला तेच माप बरोबर आहे."

त्यावर ते हसले. मग त्यांनी मान खाली घातली. त्यांचा हात होडीच्या आतल्या बाजूवरून फिरत होता, पुढून मागं, मागून पुढं, अंगठा लाकडावर दाबून, कपड्याची शिवण चाचपतात तसा. मध्ये थांबायचा, परत मागं यायचा.

"मिस्त्री," ते म्हणाले, "एवढी लांब फळी मिळत नाय. हितं कुठंतरी जोड आसंल. कुठाय?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी शीड सैल सोडलं, वाकून त्यांचं बोट धरलं आणि जोडावर ठेवलं.