टाचणात नसलेलं

केरळहून आमच्या हॉस्पिटलात आलेल्या सिस्टरना मी मराठी शिकवते. त्या दिवशी पाठाच्या टाचणात भाज्यांची नावं होती, पिशवीत खरी भेंडीसुद्धा. दुसऱ्याच भाजीला जिशानं हात वर केला. "टीचर, सुई टोचताना काय बोलू? मी फक्त हसते."

मी वही मिटली. मग तासभर आम्ही एकच वाक्य घोळवलं, "थोडं दुखेल, मी आहे ना."

पाठ आखताना मला बाजार दिसतो. शिकणारीच्या डोळ्यांपुढे मात्र कुणाची तरी घाबरून आवळलेली मूठ असते.

परवा माझंच रक्त घ्यायला जिशा आली. "थोडं दुखेल हं, मी आहे ना," म्हणाली.

तो 'हं' माझ्या कुठल्याच टाचणात नव्हता.