आईचं रक्त काय म्हणालं

आईच्या रक्ताचा रिपोर्ट मीच केला होता. नव्वदच्या दशकात बारामतीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी कामाला होते. लॅब म्हणजे एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रीज, रक्त फिरवायचं यंत्र आणि दारात कायमची गर्दी. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, ईएसआर. तापाचा माणूस असो की बाळंतीण, सुरुवात याच तपासण्यांनी व्हायची. त्या साध्या आकड्यांचा आपल्याला कधी एवढा राग येईल, असं वाटलं नव्हतं.

आई कळंबला, माझ्या थोरल्या भावाकडं राहायची. त्याला मी दादा म्हणते. लोणी भापकर हे तिचं माहेर. लहानपण तिनं बापाच्या मेंढरांमागं चालण्यात घालवलेलं, त्यामुळं वाट चुकणं तिला ठाऊकच नव्हतं. तीच आई एका बाजारच्या दिवशी इंदापूरच्या स्टँडवर उभी राहिली आणि कळंबची गाडी समोरून तीनदा गेली तरी चढली नाही. गाडी कुठली धरायची ते तिला आठवेना. मग डाव्या हातातून तांब्या निसटायला लागला. आम्ही तिला पुण्याला नेलं. मेंदूत गाठ निघाली, तुकडा तपासला, आणि लिम्फोमा असं नाव कळलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातीचा कॅन्सर, पण येऊन बसलेला मेंदूत.

सूज उतरवायच्या गोळ्यांनी ती आठवड्याभरात माणसांत आली. दादाशी भांडूही लागली. त्याच वेळी डॉक्टरांनी मला आणि दादाला आत बोलावलं. त्यांच्यासमोर मी बारामतीहून आणलेले रिपोर्ट होते.

"स्कॅन मला गाठ दाखवतो," ते म्हणाले. "पण पेशंट किती तग धरेल याचा अंदाज मला बऱ्याचदा या साध्या तपासण्यांवरून येतो. हिमोग्लोबिन कमी, अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रथिन कमी, लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशी कमी, आणि पेशी मोडल्या की वाढतं ते एलडीएच वाढलेलं. असं रक्त असलेल्या पेशंटना किरणोपचार सोसत नाहीत असा माझा अनुभव आहे. अनुभवच आहे, नियम नाही. तुम्ही घरी बोला."

माणूस सरळ होता. लपवाछपवी नाही, गोड बोलणं नाही. तरी मला त्यांच्या टेबलावरचा तो कागद फाडावासा वाटला. रक्त आज कसं आहे एवढंच मी इतकी वर्षं सांगत आले होते. उद्याचं सांगायचं काम त्याला कुणी दिलं?

बाहेर येऊन दादा भिंतीला टेकला. "बाई, आपण तिला घरी न्हेऊ. आन तिला काय सांगायचं न्हाय. रगातच साथ द्यायला न्हाय म्हणतंय तर उगं हाल कशाला?"

"रक्त कुठं काय म्हणतंय? आकडे आहेत ते."

"तूच काढल्यात ना?"

मी आणखी मोठ्यानं बोलले. दादा वाईट नव्हता. आईच्या अंगाला रोज संध्याकाळी तेल लावणारा मुलगा तो. पण आमच्याकडं आजाऱ्याला सोडून सगळ्यांना आजार सांगतात. चुलते, भावकी, शेजारी, दूध घालणारा, सगळ्यांना माहीत. ज्याचं डोकं दुखतंय त्याला मात्र 'गॅस झालाय' म्हणायचं. भावकीनं तर दादाचं ऐकून दुसऱ्याच दिवशी बीट आणि खजुराच्या पिशव्या धाडल्या. रक्त वाढलं की गाठ आपोआप विरघळेल, अशी त्यांची पक्की समजूत.

मी ठरवलं, सांगायचं. वॉर्डात आईच्या कॉटवर बसले तर तिनंच विचारलं, "काय म्हणलं माझं रगात?"

मी सगळं सांगितलं. गाठ, तिचं नाव, कमी-जास्त आकडे, डॉक्टरांचा अंदाज. दादा दारात उभा राहून मला डोळे वटारत होता. ऐकून झाल्यावर आईनं बोट लावून माझी खालची पापणी ओढली.

"मेंढरं चरायला कोकणात निघायच्या आदी आमचा बा एकेक मेंढी धरून असं बघायचा. लाल दिसली तर सोडायची कळपात. पांढरी निघाली तर समजायचं, हिच्यात रगात न्हाय, ही वाटंत बसणार."

"आनि मग?" दादा दारातूनच म्हणाला.

"मग काय? बसणार म्हणून हितंच टाकून जायचो व्हय? तिला येगळी बांधायची. बाभळीच्या शेंगा, हुलग्याचं भरड. सगळ्यात चांगलं तिलाच. काही जगायच्या, काही वाटंतच मरायच्या. पर पापणी बघायची ती कुणाला जादा खायला घालायचं ते कळाया. सोडून द्याया न्हाय."

तिनं दादाकडं बघितलं. "मला येगळी बांध. पर कळपासंगं फुडं न्हे."

दादानं डोळे पुसले आणि डॉक्टरांना शोधायला गेला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आधी रक्त चढवलं, आहार ठरवून दिला आणि किरणोपचार सुरू केले. बिटानं गाठ विरघळत नाही हे मी भावकीला शंभरदा सांगितलं. पण आई ते बीट आणि ते खजूर हट्टानं खात राहिली आणि मीही तिला अडवलं नाही. खाणाऱ्या माणसाला कोण अडवतं?

ती तगली. मला हे ठणकावून सांगायचंय, कारण त्या वेळी रिपोर्ट पाहणाऱ्या कुणालाच ते खरं वाटत नव्हतं. केस गेले, तोंडाची चव गेली, पण ती कळंबला परतली, उसाच्या बांधावरून फिरली, दिवाळीला करंज्या करताना सुनेच्या चुका काढल्या. किंमतही मोजावी लागली. नावं तिच्या हातून सुटू लागली. कधीकधी मला ती नुसतं "ए पोरी" म्हणायची आणि माझं नाव शोधत माझ्याकडं बघत राहायची. मला रडू यायचं, रागही यायचा.

पुढच्या वर्षी गाठ पुन्हा दिसली. या वेळी आईचं रक्त उत्तम होतं. हिमोग्लोबिन छान, अल्ब्युमिन छान, एलडीएच जागेवर. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसले. "आता सलाइनमधून औषधं देऊन बघू. या रक्तावर मी धाडस करेन." दादा तर उभाच राहिला, म्हणाला आजच दाखल करा.

आई म्हणाली, "न्हाय."

"आई, रिपोर्ट चांगला आलाय," मी म्हटलं. "मी स्वतः केलाय."

"आला असंल. पर मी दमले. तुमच्या सगळ्यांची नावं जात्यात माझ्या हातनं. जी ऱ्हायल्यात तेवढी घिऊन मला घरी जायचंय."

मी भांडले. दवाखान्याच्या जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्या लोकांसमोर भांडले. एवढी झुंजलीस ती कशासाठी, असं विचारलं. आकडे वाईट होते तेव्हा निघालीस आणि आता चांगले आहेत तर बसतेस, हा कुठला न्याय? दादा म्हणाला, "बास कर बाई." मी त्याच्यावरही ओरडले. आई पायरीवर बसून माझं बोलणं संपायची वाट बघत होती.

"तवा कुणी मला खरं सांगत नव्हतं," ती म्हणाली. "तू सांगितलंस. म्हणून मी व्हय म्हणू शकले. आता तुझ्याच जिवावर न्हाय म्हणतीय. रडू नगंस."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. त्या रक्तावर आणखी एक वर्ष निघालं असतं, कदाचित दोन, आणि मला ती वर्षं हवी होती. पण पुण्याहून परतताना त्या दुपारी बारामतीच्या स्टँडवर कळंबची गाडी लागली, तेव्हा गर्दीत पुढं घुसून खिडकीजवळची जागा मीच धरली, आणि आईचा हात धरून तिला वर चढवलं.