सासूबाईंच्या चालीनं

रुग्णालयाच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला चौकशीची खिडकी होती आणि त्या खिडकीत ती बसायची. तिला नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. एरवी मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती चौकशीबाई. दिवसभर एकच उद्योग: रक्त कुठं तपासतात, एक्स-रे कुठं काढतात, दातांचे डॉक्टर वर बसतात की खाली. सांगून सांगून तिचा घसा बसायचा, लोक तरीही चुकायचे आणि वर येऊन तिच्यावरच भडकायचे. दुसरी एखादी 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणून गप्प बसली असती. हिनं चाळिशी उलटल्यावर डिजिटल माध्यमांच्या एम.ए.ला नाव घातलं.

नवरा म्हणाला, "झेपत असेल तर कर." सासूबाई मात्र एवढ्यावर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"या वयात पदवी घेऊन तिचं काय लोणचं घालणार आहेस?" त्या म्हणाल्या, आणि पुढं दोन वर्षं हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत राहिल्या.

वर्गात सगळी तिच्या भाचरांच्या वयाची. पहिल्या सत्रात तिनं सगळ्या गटाची अख्खी फिल्म चुकून पुसून टाकली आणि जिन्याखाली जाऊन पोटभर रडून घेतलं. दुसऱ्या सत्रात तीच पोरं संकलनाच्या अडचणी घेऊन तिच्या बाकाभोवती जमू लागली. बाई हट्टी होती, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं.

शेवटच्या प्रकल्पासाठी तिनं आपलंच जुनं दुखणं निवडलं. रुग्णानं दारात फोन हातात घ्यायचा, कुठं जायचं ते निवडायचं, की त्या वाटेचं चित्रण सुरू. ते बघत बघत माणूस बरोबर दारात पोहोचणार. विद्यापीठाची अटही तशीच करडी होती. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक एका अगदी नव्या रुग्णाच्या हातात फोन देणार आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही. तो पोहोचला तर पास, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. आणि पुढचं वर्ष तिच्याकडे नव्हतंच. वर्गासाठी दुपारनंतर सुटण्याची सवलत रुग्णालयानं याच वर्षापुरती दिली होती, ती वाढणार नाही असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

तिनं जीव ओतून चित्रण केलं. रोजच्या वाटा, रोजची वळणं, कॅमेरा जराही हलला नाही. वर बाण टाकले, खाली संगीत टाकलं. मार्गदर्शक मॅडमनी रंगीत तालीम म्हणून रक्त तपासायला आलेल्या एका बाईंच्या हातात फोन दिला. बऱ्याच वेळानं त्या सापडल्या, चादरी धुण्याच्या खोलीत.

"फिल्म सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. "रुग्ण धोबीखान्यात आहे."

तिनं बाण मोठे केले. दुसरा रुग्णही चुकला. बाण लाल केले, तिसराही चुकला. आता मात्र तिचा धीर सुटला. घरी ती कुणाशी धड बोलेना, आणि रात्री नवऱ्याला म्हणाली, "मला नाही जमणार हे. आई म्हणतात तेच खरं."

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायचा होता. एरवी ती त्यांना हाताला धरून नेत असे. त्या दिवशी तिनं त्यांच्या हातात फोन दिला आणि स्वतः मागं राहिली. पहिल्या वळणापर्यंतसुद्धा सासूबाई गेल्या नाहीत. बाकावर बसल्या आणि फोन पदरात ठेवला.

"अगं, हा फोन पळतोय. मी काय याच्यामागं धावू?"

"आई, बाण बघा ना."

"बाण बघू की पाय कुठं पडतोय ते बघू? तू इथं वर्षानुवर्षं राबतेस. डोळे मिटून चालशील. मी एकटी आजच चालतेय."

तिला एकदम लख्ख उजेड पडला. नवखा माणूस असा चालतच नाही. ती मुकाट्यानं सासूबाईंच्या मागून चालू लागली आणि त्यांचं चालणं बघू लागली. वळणाआधी त्या थांबत. मागं वळून आपण आलो ती वाट बघून घेत. डोक्यावरच्या पाट्यांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आग विझवायच्या वाळूची लाल बादली, तुटकी खुर्ची, खिडकीतून दिसणारा जिना, अशा खुणा त्या मनाशी बांधत गेल्या.

सगळं चित्रण तिनं पुसून टाकलं, या वेळी जाणूनबुजून. फोनला गोफ लावला आणि तो सासूबाईंच्या गळ्यात अडकवला.

"माझं तोंड त्यात येता कामा नये," सासूबाईंनी बजावलं.

"नाही येणार."

"आणि दर मजल्यावर चहा."

गुडघ्याला जेवढं सोसेल तेवढं चालत, रोज थोडं थोडं करत, सासूबाईंनी सगळं रुग्णालय पालथं घातलं. मॅडमनी नवी फिल्म पाहिली आणि त्यांना ती आवडली. फक्त दातांच्या विभागाच्या वाटेवर एका वळणाशी सासूबाई दम खायला थांबल्या होत्या आणि कुरकुर करत होत्या. तेवढं कापा, मॅडम म्हणाल्या, तिथं काही घडत नाही. चौकशीबाईनं घरी जाऊन तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आणि ठेवला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी गाल टम्म सुजलेले एक आजोबा निवडले. आजोबांनी फोन हातात घेतला आणि निघाले. मागून परीक्षक, मॅडम, आणि सगळ्यात मागं ती, मुठी आवळून. पहिलं वळण नीट पार पडलं. दुसरंही पडलं. तिसऱ्या वळणाशी फोनमधल्या सासूबाई म्हणाल्या, "हां, ही लाल बादली. इथं वळायचं."

बादली नव्हती. भिंत रंगवायची म्हणून सकाळीच कुणीतरी उचलून नेली होती. आजोबा एका बोळाकडे बघत, मग दुसऱ्याकडे. तिची दोन वर्षांची मेहनत त्या वळणावर अडून उभी होती आणि तिला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

फोनमध्ये मात्र सासूबाई अजून दम खात होत्या. "थांब गं जरा, गुडघा बोलायला लागला. आणि हा समोरचा नळ बघ. ठिबकतोय नुसता. बंद करायला कुणाला हात नाहीत का इथं?"

आजोबांनी मान उचलली. डाव्या बोळात नळ ठिबकत होता, कारण तो अर्थातच कुणी दुरुस्त केला नव्हता. तिनं दुरुस्ती खात्याला मनोमन हात जोडले.

"आहे की, बाई," आजोबा सुजल्या तोंडानं फोनला म्हणाले. त्यांनी जाऊन नळ घट्ट पिळला, तसेच पुढं गेले आणि दातांच्या डॉक्टरांच्या दारात उभे राहिले. फोन परीक्षकांच्या हातात देऊन ते आत गेले. आपण एका बाईला एम.ए. करून आलो हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही.

"ही कुरकुर तुम्ही कापली का नाही?" परीक्षकांनी विचारलं. "कुणीही कापली असती."

"म्हातारं माणूस थांबलं की बोलतं, सर. थांबणं हवं तर बोलणंही ठेवायला लागतं. मी फक्त त्यांच्या मागून चालले."

परीक्षक मॅडमकडे बघून हसले. "यंदा एवढा चांगला प्रकल्प मी दुसरा पाहिला नाही," ते म्हणाले, कागदावर पहिला वर्ग लिहिला आणि तिच्याशी हात मिळवला. मॅडमनी तर तिला मिठीच मारली. तिचा आनंद गगनात मावेना. बोळात रुग्णांची रांग बसली होती, तिच्यासमोरच तिनं घरी फोन लावला.

"आई, पास झाले. पहिल्या वर्गात."

तिला वाटलं, फोन कटला.

"आई?"

"ऐकतेय मी," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "शेजारीण आलीय, समोरच बसलीय. मी फोनचा आवाज वाढवते. तू आत्ता फोनच केलायस असं समज आणि पुन्हा पहिल्यापासून सांग. चांगलं मोठ्यांदा सांग."