माझ्या स्पीकरचा कोरडा बेस

माझा कान फार तयार आहे, असं अख्ख्या वसमतमध्ये एकाच माणसाचं मत आहे, आणि तो माणूस मी आहे.

आमच्या वडिलांकडे रेडिओ होता. संध्याकाळी ते तो ओट्यावर आणून ठेवत आणि अर्धी गल्ली भोवती जमे. गाणं कमी, खरखर जास्त. पण ऐकायला माणसं असत. मी शाळेत नोकरीला लागल्यावर पोटाला चिमटा काढून अँप्लिफायर, कॅसेट-डेक आणि कमरेएवढे दोन स्पीकर घेतले. खरखर गेली. माणसंही गेली! कारण माझा नियम होता: गाणं चालू असताना खोलीत बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि शेंगा तर अजिबात फोडायच्या नाहीत. बायको सुनंदा आणि लेक प्राजू स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेत. तावडीत सापडलेल्या पाहुण्याला मी सांगत असे, "बेस ऐका. फुगीर नाही. एकदम कोरडा!" पाहुणा चहाच्या आशेने मान हलवी.

आता प्राजूला पुण्यात नोकरी लागली, तिनं खोलीही बघितली. मला वाटलं, हे स्पीकरचं धन पोरीकडेच जावं.

"पप्पा, तिथं कॉट टाकली की दार उघडत न्हाई," ती म्हणाली. "अन् माझ्यापाशी हे हाय की." तिनं गाणी ऐकायचं कानातलं यंत्र काढून दाखवलं. हरभऱ्याएवढं!

"एक गाणं समोर बसून ऐक. मग न्हाई म्हण."

ती बसली. खरं सांगतो, तिच्या दहावीच्या निकालालाही माझ्या छातीत एवढं धडधडलं नव्हतं. ती नाही म्हणाली असती, तर ते दोन डबे आणि मी, तिघंही भंगारातच जमा होतो.

सगळं झकपक असावं म्हणून मी स्पीकर पुसायला भिंतीपासून पुढे ओढले. मागे हळदीची पिवळी धूळ (शेतातली पोती पूर्वी याच खोलीत असत). स्पीकरच्या पाठीला बेस बाहेर पडायला वाटीएवढं भोक असतं, त्यातून काहीतरी राखाडी लोंबत होतं. ओढलं. आणखी ओढलं. विजारीचा एक पाय बाहेर आला! दुसऱ्या स्पीकरमधून दुसरा! माझ्या लग्नातल्या सफारीची विजार! जिच्यापायी मी धोब्याशी बोलणं सोडलं होतं!

"सुनंदा!"

"काहून वरडून राहिले?" ती लाटणं घेऊनच आली. विजार बघून जराही चपापली नाही. "हळदीची पोती व्हती तवा उंदरं त्या भोकातून येऊन-जाऊन राहिली व्हती. म्या बोळे कोंबले. एक पाय इकडं, एक तिकडं. बराबर वाटून!"

"कधी?"

"प्राजू बालवाडीत व्हती."

बालवाडीत! म्हणजे इतकी वर्षं मी ज्या बेसची तारीफ करत आलो, तो माझ्याच विजारीतून गाळून येत होता.

मी बोळ्यांशिवाय गाणं लावलं. धम्म! मांडणीवरचे पेले नाचायला लागले. शेजारचे काका खिडकीतून डोकावले, "सर, वरात कोणाची हाय?" प्राजूचा मात्र चेहरा उतरला.

"पप्पा, हे आपलं न्हाई वाटत. मी दाराच्या पलीकडं अभ्यास करायची तवा यायचा, तो आवाज पायजे. पैल्यासारखं करा."

"तू ऐकायचीस?"

"मंग! आत कुटं येऊ देत व्हता तुमी?"

वडिलांनी खरखर ऐकायला गल्ली गोळा केली, आणि मी स्वच्छ आवाजासाठी एकुलत्या एका पोरीला दाराबाहेर ठेवलं. वाईट वाटलं. आणि ती तरीही ऐकत होती, याचं बरंही वाटलं.

मी बोळे पुन्हा कोंबले. ती शेवटपर्यंत ऐकत बसली. सुनंदाही लाटण्यासकट टेकली.

"नेते," प्राजू म्हणाली. "कॉट न्हाई टाकत, गादी खाली टाकते. पण बोळ्यासकट द्या."

परवा तिचा फोन आला. खोलीत मैत्रिणी जमल्या होत्या. गाणं चालू, गप्पा चालू, वर शेंगा फोडल्याचा आवाज! मी फोन कानाला आणखी घट्ट लावला. तेवढ्यात एका मैत्रिणीने फोन घेतला.

"काका, बेस काय भारी आहे! कुठे मिळतील असे स्पीकर?"

"आता नाही मिळायचे, बेटा," मी म्हणालो. "ते कापडच बंद झालं."